धाव, टायर आणि ओझे : मोठ्या चाकाचा इतिहास

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. सुतार चाक घडवतो. मधोमध तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे आणि आऱ्यांवर बसवलेला लाकडी घेर. मग लोहाराचे काम सुरू होते. तो घेरापेक्षा किंचित कमी मापाची पट्टी गोल वाकवून जोडतो आणि गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो. तापलेले लोखंड फुगते, तेवढ्यात ते चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. धाव आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. ती थोडी सैल राहिली तर चाक खिळखिळे होते, फार आवळली तर चाकाचा आकारच बिघडतो. थोडक्यात, चाकाचे माप हा हौसेचा विषय नव्हता. त्यावर गाडी, बैल आणि गाडीवानाचे पोट अवलंबून होते.

हा जुना विषय मनात येण्याचे कारण मात्र आजचे आहे. पुण्याच्या नारायण पेठेत केसरी वाड्यापासून पत्र्या मारुतीपर्यंतच्या गल्ल्यांमधून फिरलात तर छोट्या वॅन आणि टेम्पो दिसतात. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाड वाडा घेतला आणि १८८१ पासून निघणारे ‘केसरी’ या पेठेचे झाले. तेव्हापासून छापखाना, प्रकाशक आणि कागद यांचे या भागाशी नाते आहे. शेजारीच अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार. कागदाची रिमे छापखान्यात जातात, छापलेले फर्मे बाइंडरकडे जातात, बांधलेली पुस्तके दुकानात येतात. हे सगळे वाहून नेणारी गाडी गल्लीत शिरेल एवढी अरुंद आणि हमालाला वाकून माल ठेवता येईल एवढी बुटकी लागते.

माझ्या बहिणीचा मुलगा असेच काम करतो. त्याच्याकडे जुनी मारुती ओम्नी आहे. काही दिवसांपूर्वी त्याने विचारले, “मामू, बाराचं चाक खेळण्यातलं वाटतं. तेराचं नाही तर चौदाचं टाकू का, अलॉयसकट? गाडी उठून दिसेल आणि खड्डेही कमी लागतील.” उठून दिसण्याचे मी समजू शकतो. दिवसभर दुसऱ्यांचा माल वाहणाऱ्या तरुणाला आपली गाडी चांगली दिसावी असे वाटण्यात गैर काही नाही. पण ‘मोठ्या चाकाला खड्डे कमी लागतात’ हे विधान खरे आहे का, ते शोधायला मी बसलो, आणि शोध दखनच्या इतिहासात बराच मागे गेला.

चारशे बैल आणि चौदा हजार बैल

विजापूरच्या बुरुजावरची ‘मलिक-ए-मैदान’ तोफ अनेकांनी पाहिली असेल. ही तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात मुहम्मद बिन हुसैन रूमी या कारागिराने ओतली. वजन सुमारे ५५ टन. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने विजापूरला नेली. ती ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असे परंपरेने सांगितले जाते. आकड्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण मुद्दा बदलत नाही. परांडा ते विजापूर या वाटेवर एवढे वजन पेलणारा रस्ता नव्हता. रस्ता आणि चाक जे करू शकत नव्हते, ते जनावरांच्या खांद्यांना करावे लागले.

योगायोग असा की त्याच १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते असे त्याने लिहून ठेवले आहे. सगळे धान्याने लादलेले, आणि एकाही बैलामागे गाडी नाही. जहांगीर बादशाहानेही आपल्या आत्मवृत्तात बंजाऱ्यांची दखल घेतली आहे. मोगलांच्या, निजामाच्या आणि मराठ्यांच्या फौजांना धान्य पोचवणारे हेच लोक होते. १८०३ च्या युद्धात दखनमध्ये उतरलेल्या आर्थर वेलस्लीचे सैन्यही त्यांच्या धान्यावर चालत होते.

गाडी ठाऊक असताना बंजारे पाठीवर माल का लादत होते? उत्तर साधे आहे. घाटातली पायवाट, पावसाळ्यातली काळी चिकण माती, पूल नसलेली नदी, यांतून चाक जात नाही, बैल जातो. शिवाय लादलेला बैल वाटेत चरत जातो, त्याला सुतार लागत नाही आणि लोहारही लागत नाही. त्या काळच्या रस्त्यासाठी ‘चाक नको’ हीच योग्य निवड होती.

अरबांनी चाक सोडले तेव्हा

हीच गोष्ट आपल्या इतिहासाच्या संदर्भात एका टोमण्याच्या रूपात कानावर येते. मुस्लिम जगाला हजार वर्षे चाक माहीत नव्हते, असे म्हणणारे भेटतात. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी १९७५ मध्ये ‘द कॅमल अँड द व्हील’ या ग्रंथात या प्रश्नाचा नीट तपास केला. रोमन काळात पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत गाड्या सर्रास चालत होत्या. पुढे त्या दिसेनाशा झाल्या. बुलिएट दाखवतात की ही प्रक्रिया इस्लामच्या उदयाआधीच सुरू झाली होती आणि तिचे कारण हिशेबाचे होते. उंटाच्या नव्या खोगिरामुळे उंट पाळणाऱ्या अरब टोळ्यांचे बळ वाढले, व्यापारात त्यांना स्थान मिळाले आणि बैलगाडीपेक्षा उंट स्वस्त पडू लागला. गाडीला लाकूड लागते आणि बांधलेला रस्ता लागतो. उंटाला दोन्ही लागत नाहीत.

चाकाची विद्या मात्र कुठेही गेली नव्हती. सीरियातल्या हमा शहरात ओरोंतिस नदीवरचे प्रचंड लाकडी रहाट शतकानुशतके पाणी उपसत राहिले. अल-जझरीने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांवरील ग्रंथात दातेरी चाकांची रेलचेल आहे. म्हणजे जिथे चाकाने काम सोपे होत होते तिथे ते फिरत होते, आणि रस्त्यावर उंट बरा पडत होता म्हणून तिथे उंट होता. चाक म्हणजे प्रगती आणि मोठे चाक म्हणजे मोठी प्रगती, हा समज इतिहासात टिकत नाही. लोकांनी नेहमी रस्ता, ओझे आणि खर्च पाहून निवड केली आहे.

टेंभुर्णीची गाडी

आपल्या भागात ही निवड बदलली ती इंग्रजी अमलात. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकाच्या वाहनांसाठी खुला झाला आणि पुणे ते कोकणपट्टी अशी गाडी जाऊ लागली. त्याच दशकात इंदापूर तालुक्यातून जमिनीच्या नव्या मोजणीला आणि आकारणीला सुरुवात झाली. सारा रोखीने भरायचा, म्हणजे धान्य आणि कापूस बाजारात न्यायचा.

पण न्यायचा कशावर? त्या वेळच्या दखनी गाड्या भरीव चाकांच्या, अवजड आणि अनेक बैलांनी ओढाव्या लागणाऱ्या होत्या. जुन्या मुंबई गॅझेटियरमध्ये नोंद आहे की लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने सोलापूर भागातल्या टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. तोफेच्या गाड्याचे चाक कसे असावे हे त्याला ठाऊक होते. आऱ्यांचे, हलके आणि मजबूत चाक असलेली ही गाडी एक बैलजोडी ओढू शकत होती. हळूहळू ती गावोगाव पसरली.

या गाडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच असे, आणि त्यामागे शास्त्र आहे. चाकाचा बाहेरचा घेर जितका मोठा, तितके ते खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर अलगद चढते. लहान चाक खड्ड्याच्या तळाशी जाते आणि समोरच्या कडेवर आदळते. तेव्हा भाच्याचे म्हणणे बैलगाडीपुरते शंभर टक्के खरे होते.

या बदलाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बैलांच्या खांद्यावरचे ओझे हलके झाले, शेतकरी बाजारापर्यंत पोचला, पण तांड्यांचा धंदा बसत गेला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यावर तर त्यांच्या बैलांना काम उरले नाही. ज्या बंजाऱ्यांवाचून बादशाही फौजांची चूल पेटत नव्हती, त्यांच्यातल्या अनेक समूहांवर पुढे ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारण्यात आला. चाक बदलले की ओझे एका खांद्यावरून उतरते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी खांद्यावर जाऊन बसते.

हवेचे चाक आणि पुण्याचा टेम्पो

१८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी बसवली. आपल्याकडे या नावाचा एवढा प्रसार झाला की रबरी चाकाच्या बैलगाडीला खेड्यांत ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले. हवेच्या टायरने चाकाचे जुने गणित उलटे केले. लोखंडी धाव दगडावर आपटते, हवेचा टायर दगड पोटात घेतो. त्यामुळे चाक लहान असले तरी चालू लागले. घेराची उंची जे काम करत होती, त्यातले बरेचसे काम आता हवा करू लागली.

लहान चाकाच्या मालवाहू गाड्यांचा इतिहास लिहायचा तर पुण्याला टाळता येत नाही. नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या सहकार्याने तिने तीनचाकी टेम्पो काढला आणि नंतर आकुर्डीला मोठा कारखाना उभारला. १९६९ मध्ये ‘मॅटाडोर’ आली. या दोन्ही गाड्यांनी आपली नावे मराठीला देऊन टाकली. आजही कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्यासाठी ‘टेम्पो’च असते. १९६६ मध्ये वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था आली. गाड्यांची मानके ठरवण्यात तिचा मोठा वाटा आहे. कंपनीचे नाव पुढे, २००५ मध्ये, फोर्स मोटर्स झाले.

१९८४ मध्ये मारुतीची वॅन बाजारात आली. पुढे तिलाच ‘ओम्नी’ म्हणू लागले. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, पुढच्या सीटखाली बसवलेले, आणि बारा इंची चाके. ही चाके कंजूषपणा म्हणून लहान ठेवलेली नाहीत. चाक लहान असल्यामुळे गाडीची जमीन खाली राहते, माल उचलायला कमी श्रम पडतात आणि चाकांची कमान आतली जागा खात नाही. छोट्या इंजिनाला लहान चाक फिरवायलाही सोपे जाते. नारायण पेठेतल्या गल्लीत कागद वाहायला ही मापे अगदी जुळून आली.

‘मोठे चाक’ म्हणजे नक्की काय मोठे?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. बाजारात ‘मोठे चाक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक अर्थ, जमिनीला टेकणारा बाहेरचा घेर मोठा. दुसरा अर्थ, आतली रिम मोठी. बैलगाडीच्या बाबतीत पहिला अर्थ होता. अलॉयच्या दुकानात दुसरा असतो.

टायरच्या अंगावरचे आकडे वाचले की हे कळते. ओम्नीच्या मूळ टायरवर १४५ आर १२ एलटी असे लिहिलेले असते. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, १२ म्हणजे रिमचा व्यास इंचात, आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बनवलेला. याचा एकूण व्यास सुमारे ५४ सेंटीमीटर भरतो. रिमपासून जमिनीपर्यंत टायरची जी भिंत आहे, ती जवळपास पावणेबारा सेंटीमीटर.

तेरा इंची रिमवर बसणारा एक नेहमीचा टायर १५५/६५ आर १३. इथला ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण दहा सेंटीमीटर. रिमचे ३३ सेंटीमीटर आणि दोन्हीकडच्या भिंती मिळून एकूण व्यास सुमारे ५३. म्हणजे पैसे मोजून ‘मोठे’ चाक घेतले आणि ते मूळ चाकापेक्षा सेंटीमीटरभर लहानच निघाले. चौदा इंचीत १६५/६० घेतला तर एकूण व्यास सुमारे साडेपंचावन्न, पण भिंत दहा सेंटीमीटरच्या आत. खड्डा पोटात घेणारी ती भिंत असते. रिम वाढते तशी भिंत आखडते आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर तो बदलावाच लागतो.

मग बाहेरचा घेरच वाढवला तर? १५५/८० आर १३ घेतला की व्यास सुमारे ५८ सेंटीमीटर होतो, म्हणजे सात टक्के जास्त. खड्ड्यात थोडा फरक पडेल. गाडी जमिनीपासून वर उठेल, पण फरकाच्या निम्मीच, म्हणजे दोन सेंटीमीटरही नाही. त्याची किंमत मात्र इतर भागांना मोजावी लागते. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जाते, त्यामुळे मीटरवर साठ दिसत असताना गाडी प्रत्यक्षात चौसष्टने धावते. चाकाची ओढण्याची ताकद तेवढीच कमी होते. भरलेली गाडी दिवे घाटात किंवा कात्रजच्या चढावर घातली की हे सात टक्के लगेच कळतात. ब्रेकचेही तसेच. ड्रम तेवढाच, चाक मोठे, म्हणजे थांबायला पाय जास्त दाबावा लागतो. वळताना टायर कमानीला आतून घासतो तो वेगळाच.

सर्वांत महत्त्वाचा आकडा लोक वाचतच नाहीत. टायरच्या मापानंतर ७३, ७५, ८० असे अंक असतात. तो भाराचा निर्देशांक आहे. ७३ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ३६५ किलो, ७५ म्हणजे ३८७, ८० म्हणजे ४५०. मोटारीसाठी बनवलेला देखणा टायर मालाच्या गाडीला कमी पडू शकतो. कागद हलका असतो हा भ्रम आहे. ५८ बाय ९१ सेंटीमीटरच्या, सत्तर जीएसएमच्या पाचशे तावांचे एक रीम साडेअठरा किलोच्या आसपास भरते. तीस रिमे म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त, आणि त्यातला बराचसा भार मागच्या दोन चाकांवर.

आणखी एक गोष्ट बोल्टची. ओम्नीच्या चाकाला चार बोल्ट आहेत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर. पुष्कळ छोट्या मोटारींच्या चाकांत हेच वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. चार भोके दिसली की चाक बसते असे नाही. जुन्या बाजारात भोके घासून मोठी केलेली चाकेही मिळतात. ती घेणे म्हणजे धावत्या चाकाची पैज लावणे. रिम मूळ जागेपेक्षा बाहेर आली तर बेअरिंगवरचा ताण वाढतो. त्याचा आवाज काही महिन्यांनी येऊ लागतो आणि तोवर दुकानदाराची जबाबदारी संपलेली असते.

नाना पेठेतला निकाल

पुण्याच्या पश्चिमेकडच्या पेठांत कागद आणि पुस्तके, तर पूर्वेकडच्या नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग. दोन्हींच्या मधून लक्ष्मी रोड जातो. आम्ही तो ओलांडून नाना पेठेच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आज स्वतःची गॅरेजे चालवतात. पुण्यातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल अशा गॅरेजांवर पेटत आली आहे. शाळा मधेच सुटलेल्या मुलाला पाना हातात देऊन उभे करणारे हे उस्ताद म्हणजे आपल्या वस्त्यांतली बिनकागदाची तंत्रशाळाच.

उस्तादांनी चाकाकडे पाहिलेच नाही. त्यांनी गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी तीन-चार वेळा वर-खाली झाली. “बेटा, चक्का छोटा नहीं है. शॉकअप गया है,” ते म्हणाले. मग त्यांनी हवा मोजली. मालगाडीच्या टायरला जेवढी हवा हवी, त्यापेक्षा ती बरीच कमी होती. खड्डे लागू नयेत म्हणून भाच्यानेच कमी ठेवली होती. कमी हवेचा टायर भार पडला की दबतो, तापतो आणि कडेने झिजतो. झीज कडेलाच दिसत होती.

शेवटी शॉकअप आणि त्यांचे बुश बदलले, त्याच मापाचे नवे एलटी टायर घेतले आणि हवा गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी ठेवली. डिस्क घासून रंगवल्या आणि वर नवे व्हील कप बसवले. अलॉयपेक्षा खर्च कमी झाला. भाचा म्हणतो, गाडी आता बरी दिसते. माझ्या मते ती आधीही वाईट दिसत नव्हती, पण ते त्याला पटत नाही.

ज्यांना तरीही चाक बदलायचेच आहे, त्यांनी एवढे तरी पाहावे. एकूण व्यास मूळ चाकाच्या जवळपास राहावा. भाराचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बोल्टचे वर्तुळ आणि रिमचा आत-बाहेरचा बसाव जुळावा. आणि कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणी अर्जात तर टायरची संख्या, आकार आणि प्लाय रेटिंग लिहावे लागते. अपघातानंतर विम्याचा माणूस सगळ्यात आधी अशाच बदलांकडे बोट दाखवतो.

टायर, गाडी आणि डोके

चाकावर किती ओझे घालावे हे सरकारने फक्त मोटारींसाठी ठरवलेले नाही. ओढकामाच्या जनावरांना क्रूर वागणूक मिळू नये म्हणून १९६५ मध्ये केंद्राने नियम केले. त्यांत मोठ्या बैलासाठी दोनचाकी गाडीची मर्यादा चाकावरून ठरते. साध्या चाकांवर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १८०० किलो. चाक सुधारले की बैलाचा त्रास कमी होईल, अशी आपली कल्पना असते. नियम मात्र सांगतात की चाक सुधारले की त्याच बैलाने दुप्पट ओढावे.

पश्चिम महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यात हे दर हंगामात दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर निघतात. त्यांत बंजारा समाजाची संख्या मोठी आहे. एकेकाळी चौदा हजार बैलांचे तांडे हाकणाऱ्यांचे वंशज आज कारखान्याने दिलेली टायरगाडी हाकतात. तिची चाके जुन्या लाकडी गाडीच्या चाकांपेक्षा पुष्कळ लहान, रबरी, बहुतेक वेळा मोटारीवरून उतरलेली. तिच्यावर ऊस मात्र जुन्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त चढतो. उसाच्या फडात मजुरांची ओळखसुद्धा वाहनावरून होते. टायरगाडीवाले ते ‘टायर सेंटर’, लाकडी गाडीवाले ते ‘गाडी सेंटर’.

तिसरा प्रकार ‘डोकी सेंटर’. त्यांच्याकडे गाडी नसते आणि बैल नसतो. ते तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. ट्रकचे चाक किती इंची असावे आणि त्यावर किती भार चालेल, हे त्याच्या टायरवर छापलेले असते.